लतीफमामूंची हाव

मी कामावर रुजू झाले त्याच दिवशी लतीफमामूंनी माझ्या डोळ्यांदेखत एका गिऱ्हाइकाची बंदूक फोडली. फोडली म्हणजे खरोखर फोडली. नळीकडून दोन्ही हातांनी धरली, डोक्यावर नेली आणि वर्कशॉपमधल्या लोखंडी पकडीवर, म्हणजे व्हाइसवर, दाणकन आपटली. अक्रोडाच्या लाकडाचा देखणा दस्ता होता, त्याच्या मधोमध चिरफळ्या झाल्या. एक कपची उडून माझ्या टेबलाशी येऊन पडली. बंदूक विकायला आलेला माणूस सुटाबुटातला, तोंडाचा आ करून उभा राहिला. मामूंनी तुटका दस्ता त्याच्या नाकाखाली धरला. लाकडाच्या आत जुना तडा होता आणि त्यात पिवळट गोंद भरलेला होता. "मोडका माल चिकटवून आणतोस? कुणाच्या तरी खांद्यावर फुटली असती म्हणजे?" हे त्यांनी अरबीत विचारलं. मग कोकणातली एक शिवी घातली, जी मी कोल्हापूरची असूनही तोवर ऐकलेली नव्हती. मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "तू नवी काय गो? चाय घेतंस?"

मी चहा घेतला. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

नवरा कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टमध्ये, मुलगी शाळेत, घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आलेली. म्हणून ही हिशेब-कागदपत्रांची नोकरी धरली. जाहिरातीत 'हंटिंग अँड आउटडोअर' असं लिहिलं होतं. मला वाटलं तंबू, बूट, फार तर मासेमारीचे गळ. डोंबल! इंडस्ट्रियल एरियात पुढे चकाचक शोरूम, मागे वर्कशॉप, आणि मुख्य धंदा जुन्या कस्टम रायफलींचा. कस्टम म्हणजे शिंप्याकडून सदरा शिवून घ्यावा तशी एकेका माणसाच्या मापाने परदेशातल्या कारागिराकडून घडवून घेतलेली. इथले हौशी लोक परदेशी डोंगरात जंगली बोकड नाहीतर हरणं मारायला जातात, तेही लांबून, या डोंगरावरून त्या डोंगरावर. दोन-चार मोसम वापरतात, कंटाळतात, विकतात. आमचा अरबाब, म्हणजे मालक, ती घेऊन दुसऱ्या हौशी माणसाला विकायचा. आता एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला आणि तोही जुना. तो बसतोय का, कुठे विरलाय का, हे बघायचं काम लतीफमामूंचं.

अब्दुल लतीफ सरखोत. रायगडातल्या दिघीकडचे. साठी ओलांडलेली, पण दंड बघावेत. उजव्या गालावर कानापर्यंत निळे ठिपके, कातडीत रुतलेले. कुणाची तरी घरी भरलेली काडतुसं तरुणपणी विश्वासाने उडवली, काडतुसाची पितळी पुंगळी मागच्या बाजूने फुटली आणि जळती दारू गालात शिरली. त्या बाजूच्या कानाने ऐकूही येत नसे. ही हकिगत ते दर वेळी वेगळी सांगायचे. कधी दोष दारूचा, कधी बंदुकीचा, कधी स्वतःच्या गाढवपणाचा. शिव्या मात्र सगळ्या हकिगतींत सारख्याच असायच्या.

बंदूक हातात आली की ते तिच्यावरच्या दुर्बिणीतून बघायचे नाहीत. सगळे हौशी आधी तेच करतात, डोळा लावतात आणि वा वा म्हणतात. मामू आधी बोल्ट काढायचे. गोळी उडते तेव्हा मागे येणारा सगळा दाब अडवून धरणारा पोलादाचा दांडा म्हणजे बोल्ट. त्याला पुढे दोन गुटके असतात, वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना 'कान' म्हणत. ते दोन कान आत खाचेत अडकलेले असतात म्हणून बंदूक वापरणाऱ्याचं थोबाड शाबूत राहतं. मामू त्या कानांवरून अंगठ्याचं नख फिरवत. दोन्ही सारखे घासलेत का बघत. मग नळीत बारीक कॅमेरा सोडत आणि आतलं पोलाद भेगाळलंय का ते पडद्यावर दाखवत. मग दस्त्याचा स्क्रू सैल करून नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोट ठेवत. बोटाखाली काही हललं की शिवी. आणि सगळ्यात शेवटी विकणाऱ्यासमोर हात पसरत, "वापरलेल्या पुंगळ्या दे."

"पुंगळ्या कोण जपून ठेवतं?" असं कुणी म्हटलं की संपलं. "बंदूक विकणारा झूट बोल्तो गो बाय," ते मला सांगायचे, "पुंगळी झूट बोलाची नाय." पितळेच्या बुडाशी चकचकीत कडं दिसलं की समजायचं, आत काहीतरी गडबड आहे, आज ना उद्या ही फुटणार. तशी बंदूक ते विकणाऱ्याच्या अंगावर फेकत. अक्षरशः फेकत. झेलता आली तर त्याचं नशीब.

विकत घेणाऱ्याचीही धडगत नसे. त्याला उभा करायचे, डोळे मिटायला लावायचे आणि बंदूक खांद्याला लावायला सांगायचे. मग ओरडायचे, "उघड!" डोळा उघडल्याबरोबर दुर्बिणीच्या मधोमध आला पाहिजे. मान ताणावी लागली, गाल सरकवावा लागला, की ती त्याच्या मापाची नाही. मग ती कितीही देखणी असो. एकजण अडून बसला की मला हीच हवी, नक्षी बघा काय सुंदर आहे. मामूंनी त्याच्या गालावर टपली मारली, जरा जोरातच, आणि म्हणाले, "नक्षी हवी तर घरी गालिचा टाक."

आता हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, वा, काय तो अचूक माणूस. अचूक कसला! एकदा त्यांनी चांगला धडधाकट दस्ता फोडला. आत तडा नाही, गोंद नाही, काही नाही. अरबाबने दिवसभर त्यांच्या नावाने शंख केला. मामू वर्कशॉपच्या कोपऱ्यात पाठ करून बसले होते आणि कुणी जवळ गेलं की गुरगुरत होते.

आणि रोडेलचं प्रकरण तर मला अजून आठवतं. रोडेल फिलिपिनो, शोरूममध्ये विक्री बघायचा, गरीब स्वभावाचा. एका रायफलीवर दुर्बीण सैल राहिली होती. मामूंनी काही विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ रोडेलच्या कानाखाली काढली. तो कोलमडला, ओठ फुटला, पांढऱ्या शर्टावर रक्त. मग कळलं की तो स्क्रू मामूंनीच आदल्या दिवशी सोडवला होता आणि विसरले होते. मी भडकले. भर वर्कशॉपमध्ये त्यांना म्हटलं, "मामू, परत कुणावर हात उचललात तर मी पोलिसात जाईन. लाज वाटत नाही? पोरगं घर सोडून पोटासाठी आलंय." ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि गाल पुढे केला. "तू मार. तुज्या हातात जोर नाय, पण मार." मी काय मारणार, कपाळ! त्या शुक्रवारी ते पहाटे अल रुवैसच्या बंदरावर गेले, होडीवरचा ताजा हमूर मासा घेऊन आले, रोडेलच्या खोलीवर जाऊन स्वतः साफ केला, तळला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. 'सॉरी' म्हणाले नाहीत. रोडेलने मासा खाल्ला, पण त्यानंतर तो मामूंशी कामापुरतंच बोलायचा. त्यात त्याचं काय चुकलं?

माणूस असा का, याचं मला एकच उत्तर मिळालं, तेही त्यांनीच दिलं. मी येण्याआधी काही वर्षं अरबाब त्यांना शिकारीच्या टोळीबरोबर परदेशी डोंगरात न्यायचा, हत्यारं सांभाळायला. तिथे अरबाबच्या एका पाहुण्याने फार लांबून बोकडावर गोळी झाडली. त्याला दाखवायचं होतं की आपण किती लांबून मारतो. वारा फिरला आणि गोळी बोकडाच्या जबड्यावर बसली. खालचा जबडा उडाला, जनावर जिवंत. "जीभ लोंबत होती गो बाय, खाली काय नाय, नुसती जीभ," मामू सांगत होते आणि हाताने स्वतःची हनुवटी झाकत होते. पाहुणा तंबूत जाऊन झोपला. मामू रक्ताच्या थेंबांवरून त्या बोकडामागे डोंगर चढत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका कपारीत सापडला. पाणी प्यायला तोंड घालत होता आणि पाणी सगळं बाहेर सांडत होतं. मामूंनी त्याला शिंगांना धरून सुरीने मोकळं केलं. मग खाली येऊन पाहुण्याला झोपेतून उठवलं आणि रक्ताने भरलेले दोन्ही हात त्याच्या तोंडाला फासले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मारला मला सगळ्यांनी मिळून. दोन दात गेले." आणि त्यांनी तोंड उघडून दात दाखवले, म्हणजे नसलेले दाखवले. "बाय, लांबून मारणाऱ्याला मरण दिसत नाय. म्हणून बंदूक तरी शहाणी लागते."

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला. किती लांबून मारणार? समोरच्याने बढाई मारली की दार दाखवत. अरबाबचं गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

अरबाब त्यांना ठेवून का घेत असे? जासिममुळे. जासिम अरबाबचा एकुलता एक मुलगा, आता चांगला बावीस-तेवीसचा. लहानपणी शाळा सुटली की ड्रायव्हर त्याला दुकानात आणून सोडायचा आणि तो वर्कशॉपमध्ये मामूंच्या पायांत घुटमळायचा. अरबाबला धंदा, आई आजारी, तर हा पोरगा वाढला तो मामूंच्या ओरड्यात. नेम धरायला मामूंनी शिकवलं. तो त्यांना 'मामू' म्हणायचा आणि आमच्या भाषेतले चार शब्द बोलायचा. आल्याबरोबर आरोळी, "मामू, जेवलंस?" माझी स्वतःची मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि हा अरबाचा मुलगा दिघीच्या हेलात जेवलंस विचारतो! मामू तोंडाने म्हणायचे, "चल भाग, काम हाय." पण तो आला नाही त्या दिवशी चार वेळा दाराकडे बघायचे. त्यांना दोन मुली, दोघी गावाकडे नांदणाऱ्या. मुलगा नव्हता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मीच सांगतेय.

मागच्या थंडीत त्याच जासिमने एक चूक केली. चूक कसली, जीभ घसरली. बू-राशिद नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते, अरबाबच्या वडिलांचे जुने दोस्त. त्यांच्या शब्दावर अरबाबचा धंदा उभा राहिलेला. त्यांच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, भिंतीवर एक कस्टम रायफल होती. जासिमने तिची तोंड भरून तारीफ केली. आता इथे रीत अशी, की पाहुण्याने एखाद्या वस्तूची अशी तारीफ केली की घरधन्याने ती त्याला द्यायची. जाणती माणसं म्हणून 'माशाल्ला', देवाची करणी, एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. जासिम बोलत राहिला. बू-राशिदांनी रायफल भिंतीवरून उतरवली आणि म्हणाले, "तुझीच." आणि वर आमंत्रणही दिलं, पुढच्या आठवड्यात आमच्याबरोबर डोंगरात ये, पहिला बोकड हिनेच मार, मला बघायचंय.

जासिम नाचत आला. मामूंच्या हातात रायफल दिली. काय बंदूक होती! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मीसुद्धा टेबल सोडून बघायला गेले. काळसर अक्रोड, नळी अशी की तिच्यात तोंड बघावं. मामूंनी पुंगळ्या मागितल्या. जासिम हसला, "भेट आहे मामू, भेटीच्या पुंगळ्या कोण मागतो?"

मामूंनी तिला नेमबाजीच्या रेंजवर नेऊन स्वतः चार गोळ्या मारल्या. पोरगं गेल्यावर मला हाक मारली. बोल्ट बाकावर होता. त्यावर त्यांनी लाल रंग लावून पुसला होता, आणि एका कानाच्या मुळाशी केसाएवढी लाल रेघ तशीच राहिली होती.

"फुटलाय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला भीती वाटली. "आज फुटंल, धा गोळ्यांनी फुटंल. फुटंल तवा गाल त्याचा आसंल."

दुसरा बोल्ट बसवायचा तर ज्याने घडवली त्या कारागिराकडेच पाठवायला हवी, आणि तिकडून यायला महिने. मामू तडक अरबाबच्या केबिनमध्ये गेले. माझ्या टेबलाच्या मागे काचच आहे, मला सगळं ऐकू येत होतं.

अरबाब माणूस वाईट नाही, हे मी आज रागात असूनही लिहिते. पण त्या दिवशी तो पार अडकला होता. दिलेल्या भेटीत खोट काढायची म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर चिखल फेकायचा. तोही बू-राशिदच्या. "मोडली म्हणून सांगू? आठवड्याभरात? त्यांनी इतकी वर्षं वापरली, त्यांना काही झालं नाही. आणि लतीफ, तू चांगला दस्तासुद्धा फोडला होतास, आठवतं?"

"हा दस्ता नाय."

"एक गोळी मारेल तो. त्यांच्यासमोर एकच. मग ठेवून देऊ."

"एक पुरते," मामू म्हणाले आणि टेबलावर अशी मूठ मारली की किटलीसकट कॉफीची भांडी खाली आली. "तुजा पोर हाय! तुजा!"

अरबाबही ओरडला. दोघं एकमेकांची गळपट्टी धरतात की काय, असं झालं. शेवटी अरबाबने अट घातली, जासिमला काही सांगायचं नाही. हे मात्र मामूंना पटलं, कारण पोराच्या पोटात काही राहत नाही. तो पहिल्याच मुक्कामाला त्या म्हाताऱ्यासमोर बडबडला असता. मामू बाहेर आले ते लालबुंद. जुन्या रायफलींच्या रॅकपाशी गेले आणि एकेक खेचून बघायला लागले. दिवसभर तेच. जासिमला बोलावून डोळे मिटायला लावले, उघडायला लावले, सात-आठ रायफली खांद्याला लावून बघितल्या. पोरगं वैतागलं, "मला कशाला? माझ्याकडे आहे ना!" मामूंनी एक निवडली. दस्त्यावर ओरखडे, रंग उडालेला, कुणी फुकट दिली तर कपाटात टाकावी अशी. बोल्ट मात्र चोख आणि जासिमच्या गालाला बेतल्यासारखी. ती रेंजवर लावून, तेल देऊन, काडतुसांसकट बाजूला ठेवली. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय, एवढंच.

निघायच्या आदल्या दुपारी बू-राशिद आमच्या शोरूमवर आले. बरोबर चार-पाच माणसं. शोरूममध्ये एका बाजूला बसायला गाद्या-तक्के आहेत, तिथे कावा म्हणजे अरबी कॉफी, खजूर, सगळा थाट झाला. जासिमने ती रायफल आणून मधोमध ठेवली. मी काचेआड बसून कागद बघत होते. तेवढ्यात वर्कशॉपचं दार उघडून मामू आले. हातपाय धुतलेले, इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना इस्त्रीच्या शर्टात पहिल्यांदा बघत होते.

सलाम केला आणि ते रायफलीसमोर उभे राहिले.

"अशी बंदूक मी जन्मात पाहिली नाही," ते अरबीत म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माशाल्ला म्हणाले नाहीत. "नळी बघा. लाकूड बघा. चाळीस वर्षं या धंद्यात काढली, अशी एक माझ्याकडे असती तर मला दुसरं काही नको होतं."

बैठकीतल्यांनी हातातले प्याले खाली ठेवले. नोकराने मालकाच्या मुलाकडे, त्याला मिळालेली भेट, पाहुण्यांसमोर मागायची! माझ्या हातातला कागद खाली पडला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, हा माणूस काय करतोय ते. 

बू-राशिद हसून सावरायला गेले, "म्हाताऱ्याची नजर चांगली आहे." मामू हटले नाहीत. परत तेच. जीव तुटतो हिच्यासाठी, झोप लागत नाही. जासिमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने बापाकडे बघितलं. बापाने मान खाली घातली. मग त्या पोराने रायफल दोन्ही हातांनी उचलली आणि म्हणाला, "घे मामू. तुझीच."

आता मामूंनी काय म्हणायला हवं होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नको नको, तुलाच लखलाभ, अल्ला तुला आणखी देवो. सगळे त्याचीच वाट बघत होते.

मामूंनी हात पुढे केले आणि रायफल घेतली.

अरबाब उठला. हातात उंट हाकायची बारीक छडी असते त्याच्या, रुबाबासाठी. ती त्याने मामूंवर चालवली. पाठीवर, दंडावर, मानेवर. सटासट आवाज येत होते. एक फटका भुवईवर बसला, भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मामू रायफल छातीशी घट्ट धरून वाकून उभे होते. ज्या माणसाने अर्ध्या शब्दावरून लोकांची थोबाडं फोडली, त्याने एक हात वर केला नाही. अरबाबचा तो राग खरा होता की नाटक, हे मला आजही सांगता येणार नाही. छडी तुटली तरी तो मारतच होता. मी ओरडत बाहेर धावले. मामूंनी त्या रक्ताळलेल्या डोळ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी थिजले.

"बस!" बू-राशिद म्हणाले. "पोराने दिलीय. दिलेलं परत घ्यायचं नसतं. तुझा मुलगा दिलदार आहे, मला आनंद झाला." मग मामूंकडे वळून, किळस आल्यासारखं तोंड करून विचारलं, "परदेशी माणसाला इथे बंदुकीचा परवाना नाही. करणार काय तू हिचं?"

"बघत बसेन."

"इतकी हाव?"

"हो," मामू म्हणाले. "हाव सुटली."

पाहुणे गेल्यावर मामू वर्कशॉपमध्ये होते. भुवईला कापूससुद्धा लावला नव्हता. बोल्ट व्हाइसमध्ये आवळला, भिंतीवरचा मोठा हातोडा काढला. अरबाब दारात येऊन उभा राहिला, त्याच्या मागे मी. मामूंनी आमच्याकडे पाहिलं आणि हातोडा घातला. एकच. कान तुटून उडाला आणि पलीकडच्या कपाटावर ठणकन आपटला.

अरबाबने वाकून तो उचलला. तुटलेली बाजू उजेडात धरली. पोलाद जवळजवळ सगळं आधीच काळं पडलेलं होतं, जुनं तुटलेलं. नव्याने तुटलेली पांढरी कड होती ती नखाएवढी. तेवढ्यावर ते सगळं टिकून होतं. अरबाब तिथल्या तेलकट स्टुलावर बसला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांसकट. मग उठून डोक्यावरचं कापड काढलं आणि मामूंची भुवई पुसायला हात पुढे केला.

"लांब हो," मामू म्हणाले. "हातोडा हाय अजून हातात."

 मामूंनी ग्राइंडर लावला आणि बाकीच्या रायफलीचे तुकडे करायला लागले. ठिणग्या सगळीकडे उडत होत्या. ते थांबले तेव्हा अरबाब म्हणाला, "तू इथे राहिलास तर बू-राशिद विचारत राहतील. बंदूक कुठे, काय केलंस, का केलंस."

"ठाऊक हाय. तिकीट काड."

"जासिमला मी..."

"नाय सांगायचा," मामू गरजले. "अजाबात नाय. ना आज, ना उद्या. तो आनि तो म्हातारा डोंगरात एका ताटात जेवणार हायत. शब्द दे." आणि अरबाबने शब्द दिला. मला रडू आवरेना. मामू माझ्यावर खेकसले, "तू काय माजा मयत बगायला आलंस? जा, घरी जा. पोर वाट बगत आसंल."

दोन दिवसांत कागद झाले. जासिमचं जाणं बू-राशिदांच्या तब्येतीमुळे थोडं पुढे गेलं होतं, म्हणून तो दोह्यातच होता. मामू निघाले त्या सकाळी दुकानासमोर कंपनीची व्हॅन उभी. सामान म्हणजे एक बॅग आणि दोरीने बांधलेलं एक खोकं. वर्कशॉपमधले चारजण बाहेर आले, पण कुणी जवळ गेलं नाही. सगळ्या इंडस्ट्रियल एरियात बातमी पसरली होती, सरखोत म्हातारा हावरट निघाला, मालकाच्या पोराची भेट लाटली. रोडेल काचेतून बघत होता, बाहेर आला नाही.

तेवढ्यात जासिमची गाडी करकचून थांबली. त्याला कुणीतरी भंगाराच्या पिंपातले तुकडे दाखवले होते. तो धावतच आला.

"कापलीस? मागून घेतलीस आणि कापलीस?"

"माजी होती," मामू म्हणाले. "माजी मी कापली."

"का?"

मामूंनी खोक्याची दोरी आवळली. शोरूमच्या दारात अरबाब उभा होता, हातात जपमाळ, नजर जमिनीवर. बोल ना रे मेल्या, मी मनात म्हणत होते, बोल, तुझा मुलगा आहे. त्याने जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला. मी पुढे झाले, "जासिम, ऐक..." एवढं तोंडातून निघालं तोच मामूंनी माझं मनगट धरून असं पिळलं की माझा श्वास अडकला. "बाय, गप."

जासिम मामूंच्या तोंडावर थुंकला.

मी मामूंच्या हाताकडे बघितलं. मूठ वळली होती, दंड फुगला होता, आणि मला वाटलं, आता या पोराचं काही खरं नाही. मामू जासिमच्या चेहऱ्याकडे बघत होते. नीट, सावकाश, बाजारात काही पारखून घ्यावं तसे, कपाळ, डोळे, गाल, हनुवटी. मग मूठ सुटली.

"रॅकवर ठेवलीय ती घेऊन जा," ते म्हणाले. "गाल नीट टेकव. तुजी मान वर राहते."

जासिमने पाठ फिरवली. मामूंनी तोंड पुसलं नाही. बॅग आत टाकली, खोकं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला निघायची खूण करत म्हणाले, "यल्ला."